आमच्या डब्यातल्या चार डिस्क

सन दोन हजार चोवीस, वैशाख महिना, भर उन्हाळा. नाशिकरोडला दुपारी दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसत होता. त्या उन्हात आमची पहिली डिस्क मेली आणि तिथून हे किस्से साचायला लागले. असे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. एक घडतो, तो चारचौघांत सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो. आता वसाहतीतले लोक संध्याकाळी खास ऐकायला येतात. नुसते ऐकायलाच येतात का, याचा मला संशय आहे. पण सांगतो.

आधी माझं सांगतो. मी नामदेव. शाळा सातवीपर्यंत. जन्मभर लाउडस्पीकरचा धंदा केला आणि कोणापुढे हात पसरला नाही. आमच्या वसाहतीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नात, कुठंही ती गायली तरी माईक माझा आणि टेपही माझाच. सगळे कार्यक्रम मी कॅसेटवर उतरवले. पुढे कॅसेटींना बुरशी लागायला लागली, तेव्हा माझ्या सुनेने, रोहिणीने, त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. ती कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला नोकरी करते. मग आम्ही दोघांनी जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात चार हार्ड डिस्क बसवून घरीच सर्व्हर बांधला. पाने-पक्कड माझे, डोकं तिचं. घरातल्या कुठल्याही मोबाईलवर त्यातलं गाणं वाजतं. बाजारात त्याला इंग्रजी नाव आहे. आमच्या घरात त्याचं नाव डबा.

डब्याचा कायदा सोपा आहे. चारांतली कुठलीही एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघी तिचं काम भरून काढतात. तिच्या जागी नवी बसवायची, की सगळं पूर्ववत. पण नवी बसायच्या आत दुसरीही मेली, तर सगळं गेलं.

कॅसेटींची पट्टी आता चिकटून बसली आहे. एकही वाजत नाही. गाणारेही बहुतेक गेले. पार्टी जी काय उरली आहे ती या डब्यात. म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवून असतो.

* * *

डिस्क बिघडली की डबा ओरडतो. बारीक, रातकिडा ओरडावा तसा.

माझी बायको कमल म्हणाली, "अहो, काहीतरी वाजतंय."

"काही वाजत नाही," मी म्हटलं. जन्मभर आवाजाचा धंदा केलेल्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, हे कसं चालेल?

इतक्यात भागवत आला. हा माझा रोजचा चहाचा सोबती. मूळचा कळवणकडचा, रेल्वेतून रिटायर झालेला. कानात मशीन घालतो. तोही म्हणाला, "नामा, लय बारीक वाजतंय बरं का तुझ्या घरात."

माझ्या लगेच ध्यानात आलं. कानातली मशिनं कधी कधी शिट्टी मारतात. म्हटलं, "तुझंच मशीन वाजतंय. काढ."

त्याने काढलं.

"बॅटरीपण काढ."

बॅटरीही काढली.

"आता वाजतंय का?"

भागवत माझ्याकडे बघून म्हणाला, "काय म्हणतो?"

तेवढ्यात कमल आतून ओरडली, "अजून वाजतंय!"

संध्याकाळी रोहिणी कामावरून आली. तिला अंगणातच ऐकू गेलं. चप्पल न काढता आत आली आणि म्हणाली, "बाबा, डिस्क गेली. किती वेळ ओरडतेय ही?"

मशीन परत कानात घालून भागवत म्हणाला, "दोन बहिऱ्यांच्या मधी ठेवली तिला. बिचारी हाका मारून मारून मेली!"

* * *

नवी डिस्क आणली. रोहिणी कॉलेजात होती. म्हणाली, "बाबा, संध्याकाळपर्यंत थांबा. मी आल्यावर बसवू." मी थांबणारा माणूस नाही. डबा बंद केला, वरचं झाकण काढलं आणि तिला फोन लावला. झाकण काढलं की चारी डिस्क ओळीने दिसतात.

"कुठली मेली तेवढं सांग."

"डावीकडून दुसरी. नीट बघून काढा."

डावीकडून दुसरी काढली, तिथं नवी बसवली, डबा चालू केला. मोबाईलवर गाणं लावायला गेलो. एकही गाणं नाही! नुसता पांढरा पडदा. मला घाम फुटला. दुकानदाराने काहीतरी करून दिलं असणार, अशी माझी खात्री झाली.

रोहिणीने फोनवर विचारलं, "बाबा, डब्याचं तोंड कुठं आहे?"

"भिंतीकडे."

"भिंतीकडे का?"

"पुढच्या बाजूला बटण आहे. घरात दहा माणसं येतात-जातात. कोणाचा हात बटणावर जाणार नाही कशावरून?"

तिने लॅबचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी डावीकडून म्हटलं ते पुढून. तुम्ही मागून मोजलं. मेलेली आतच आहे, आणि चांगली तुमच्या हातात आहे."

तिच्या सांगण्याप्रमाणे डबा पुन्हा बंद केला, हातातली जागच्या जागी घातली, मेलेली काढून नवी बसवली. सगळी गाणी परत आली. तोपर्यंत मी पाणी प्यायलो नव्हतो.

कमल दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "घरातल्या माणसांवर विश्वास नाही म्हणून त्या डब्याला कोपऱ्यात तोंड करून उभं केलंत! शाळेत पोरांना करतात तसं!"

डब्याचं तोंड आता खोलीकडे आहे. बटणावर मी पत्रा ठोकला आहे.

* * *

मेलेली डिस्क वॉरंटीत होती. ती घेऊन मी एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथं आमचा दुकानदार बसतो. त्याला सगळे शेठ म्हणतात.

इथं आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. मोठ्या कार्यक्रमाला चार ठिकाणचे लाउडस्पीकरवाले एकत्र येतात. सगळ्यांचे भोंगे सारखेच दिसतात. माल गोळा करताना आपला चांगला भोंगा जातो आणि दुसऱ्याचा फुटका आपल्या टेम्पोत येतो. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूवर आपलं नाव कोरतो. खिळ्याने, खोल. रंगाने लिहिलं तर रात्रीतून पुसलं जातं.

शेठने डिस्क उलटी केली. लेबलावरून आरपार, खालच्या पत्र्यापर्यंत, माझं नाव.

"आप्पा, हे काय आहे?"

"माझं नाव."

"ते दिसतंय. पण का?"

"कोणी बदलू नये म्हणून."

"कोण बदलणार?"

"तुम्ही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. शेठ हसला नाही. त्याने डिस्क कपड्याने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "कंपनीचं लेबल फाटलं की वॉरंटी संपली. आप्पा, तुमचं काम एकदम पक्कं झालंय. ही डिस्क आता कोणीच बदलू शकत नाही. कंपनीसुद्धा नाही!"

बाकीच्या तिघींवरही नाव होतंच. ते मी त्याला सांगितलं नाही.

* * *

त्यानंतर रोहिणी म्हणाली, "एक जास्तीची डिस्क घरात असू द्या. वेळेला धावाधाव नको." मी शेठकडून आणली. पाकीट बंद, वर चकचकीत स्टिकर. यावेळी खिळा लावला नाही.

रोहिणीने ती कॉम्प्युटरला जोडली. डिस्क आजपर्यंत किती तास फिरली ते डिस्कलाच ठाऊक असतं, आणि विचारलं की ती सांगते. मला हे फार आवडलं. माणसांत अशी सोय नाही.

"बाबा, ही नवी नाही. वर्षानुवर्षं चाललेली आहे."

मी उठलो. कमलचा केस वाळवायचा ड्रायर आणला, स्टिकर गरम केला आणि हळूच सोलला. खाली मार्करने लिहिलं होतं, 'पॅकहाऊस – मेन गेट'.

भागवतला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि दुकानात गेलो. काउंटरवर डिस्क ठेवली, लिहिलेली बाजू वर. शेठने वाचलं. जराही गडबडला नाही.

"आप्पा, मलाही वरून अशीच आली. पिंपळगावकडचा माल दिसतोय. पण तुम्ही नवीच समजा. गेटावरच्या कॅमेऱ्याला होती. कष्टाचं काही काम नाही. नुसते द्राक्षांचे टेम्पो बघत बसली असेल!"

भागवत पुढे सरकला. "शेठ, मी पण रेल्वेत नुसत्या गाड्याच बघितल्या. मग मला नवा म्हणून घेता का कामाला?"

शेठने गुपचूप दुसरी काढली. ती मी त्याच्याच कॉम्प्युटरला लावायला लावली. तास विचारले. शून्य आले. मग उठलो.

* * *

थंडीत डबा भरत आला. गाण्यांना जागा लागत नाही, पण आता लोक जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटी आणून द्यायला लागले होते. रोहिणी म्हणाली, मोठ्या डिस्क टाकू. एकेक काढायची, तिच्या जागी मोठी बसवायची, ती भरेपर्यंत थांबायचं, मग पुढची. भरायला दिवसभर लागतो. तेवढ्यात वीज गेली तर भानगड.

बॅटरीचा यूपीएस होता. पण त्याच्यावर माझा विश्वास नाही. तो दिसायला लाइट लावून बसतो, वेळेला काय करील सांगता येत नाही. म्हणून मी खुर्ची टाकून मेन स्विचखाली बसलो.

कमल मिक्सर घेऊन आली. "चटणी करायची आहे."

"मिक्सर लावायचा नाही. लाइट हलतो."

"मग जेवायचं काय?"

"पाट्यावर वाट."

"माझे हात दुखतात. तुम्ही वाटा."

वाटली. प्रत्येक डिस्कच्या दिवशी वाटली. खोबऱ्याची, शेंगदाण्याची, लसणाची. भागवत रोज जेवायला थांबायला लागला. मोठ्या डिस्क आणखी असत्या तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

तीन मोठ्या बसल्या. मी रोहिणीला म्हटलं, जागा किती वाढली बघ. काहीच वाढली नव्हती! तीन मोठ्या डिस्क बसून जागा होती तेवढीच! मी चप्पल घातली आणि शेठकडे निघालो. रोहिणी दारात आडवी आली.

"बाबा, शेठचा दोष नाही. चारांत सगळ्यात लहान जी असते, तिच्याएवढ्याच बाकीच्या धरतात. अजून एक जुनी लहान आत आहे. ती बदलेपर्यंत कोणाचीच जास्तीची जागा वापरता येत नाही."

कमल स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे आपल्या घरासारखंच. सगळ्यात आडमुठा जो, त्याच्या मापाने सगळ्यांनी राहायचं!"

चौथी बसली. जागा वाढली. मी चप्पल काढली.

* * *

मग आला फाल्गुन. त्या मोठ्या चारांतली एक गेली. जास्तीची ठेवलेली होती ती जुन्या मापाची, आता चालत नव्हती. रोहिणीने कॉम्प्युटर उघडला आणि डिस्कांची यादी दोनदा खालीवर केली. तिचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं.

"बाबा, दुसरीही चुका दाखवतेय."

"म्हणजे?"

"ती गेली तर सगळं गेलं."

"डबा बंद करून ठेवू."

"बंद केला आणि ती पुन्हा उठलीच नाही तर? आत्ता चालू आहे तोवर मेलेलीच्या जागी नवी डिस्क बसवून भरून घेतली पाहिजे."

शेठचं दुकान बंद. घरच्या लग्नाला गावी गेला होता. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे त्या मापाची डिस्क नव्हती. मोबाईलवरून मागवली तर यायला आठवडा. भागवत मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "निवृत्तीकडं हाय ना."

निवृत्ती कोण ते सांगतो. पार्टीत तो पेटी वाजवायचा. पार्टीचा मुख्य गायक दामू, तो त्याचा धाकटा भाऊ. दामू तरुणपणीच वारला आणि पार्टी मोडली. दामूचं सगळं झाल्यावर निवृत्ती माझ्याकडे आला होता. म्हणाला, "टेपा दे." मी दिल्या नाहीत. त्या दिवसांत लोक कॅसेटीवरून कॅसेटी काढून जत्रेत विकायचे. मी म्हटलं, "माईक माझा, टेप माझा." तो म्हणाला, "आवाज माझ्या भावाचा." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पुढे त्याने डीजेचा धंदा काढला. माझाच धंदा, दहापट आवाजात. जेलरोडला त्याचं गोडाऊन आहे, सगळीकडे कॅमेरे लावलेले. त्यांचं चित्रण साठवायला त्याने त्याच मापाची मोठी डिस्क घेतल्याचं भागवतला ठाऊक होतं. भागवतला हे कसं ठाऊक, ते मी त्याला नंतर विचारणार होतो.

गेलो. निवृत्ती मोठ्या स्पीकरला टेकून बसला होता. केस सगळे पांढरे झालेले.

"जय भीम," मी म्हटलं.

"जय भीम. वाट चुकलास?"

"एक डिस्क पाहिजे. थोड्या दिवसांसाठी. माझ्या डब्यातली एक गेली, दुसरी जायच्या वाटेवर आहे."

"तीही गेली तर काय जाईल?"

"पार्टी."

तो उठला. कोणाला हाक मारली नाही. स्टूल घेतलं, स्वतः वर चढला, कॅमेऱ्यांचं यंत्र खाली काढलं आणि माझ्यासमोर स्क्रू खोलायला लागला. एक स्क्रू निसटून खाली पडला. मी पुढे झालो तर म्हणाला, "बस तिथं." डिस्क काढून माझ्या हातात दिली.

"कॅमेरे आता आंधळे. तू तर येणार नाहीस ना चोरी करायला?"

"तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

"माझ्याकडे काहीच नाही," तो म्हणाला. "ते तर तुझ्याकडे आहे."

मी उठलो. तो म्हणाला, "परत द्यायची घाई नाही."

घाई नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. घरी येताच मी रोहिणीला विचारलं, "हिच्यात त्याने काही घालून दिलेलं नाही ना?"

"बाबा, हिच्यावर त्यांच्या गोडाऊनचे कॅमेरे आहेत, दुसरं काही नाही."

"बघ नीट."

"बघितलं. पण बसवली की ते सगळं पुसलं जाईल. त्यांना चालेल ना?"

तेवढ्यासाठी मी भागवतला पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, "निवृत्ती म्हणतो, पूस."

दिवसभर डिस्क भरत राहिली. मी स्विचखाली बसलो. त्या दिवशी कोणी चटणी मागितली नाही. संध्याकाळी रोहिणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "झालं." मोबाईलवरून मागवलेल्या नव्या डिस्क पुढच्या आठवड्यात आल्या. आजारी होती ती बदलली, मग निवृत्तीची काढून तिच्या जागी नवी बसवली. डबा धड झाला.

निवृत्तीची डिस्क टेबलावर पडली होती. मी म्हटलं, "पुसून दे. उद्या नेऊन देतो."

कमल भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिकामी?"

"मग?"

"शेजारून वाटी आणली तर आपण ती रिकामी परत करतो का? काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो."

"ही वाटी नाही."

"उसनी आणली आहे ना?"

मी अंगणात जाऊन बसलो. भागवत आला. त्याला बोलू दिलं नाही. चहा झाला. मग आत आलो.

"रोहिणी, दामूचं किती आहे?"

"बहुतेक सगळं त्यांचंच आहे, बाबा."

"सगळं भर त्या डिस्कवर."

तिने कारण न विचारता डिस्क जोडली. शहाणी पोरगी आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "गाण्यांच्या मध्ये बोलणं आहे, खोकणं आहे. ते कापून स्वच्छ करून देऊ का?"

"लाव बघू."

तिने लावलं. आधी लोकांचा गलका, मग पेटीचा एक सूर, आणि त्यावर दामूचा आवाज, "दादा, काळी दोन धर रे. पांढरीत मला मजा नाही येत. आणि नामा, माईक वर घे की! मी काय बसून गातोय?" लोक हसले. पेटीचा सूर बदलला.

कमलने भाजी खाली ठेवली होती.

"काही कापू नकोस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेलरोडला गेलो. कॅमेऱ्यांचं यंत्र अजून उघडंच पडलेलं, स्क्रू एका बशीत. निवृत्तीपुढे डिस्क धरली.

"पुसलीस?"

"तुझे कॅमेरे पुसले."

"म्हणजे रिकामी?"

"नाही."

त्याने खांद्यावरचा पंचा ओढला. त्याला हात पुसले. डिस्क घेतली. यंत्रात बसवली नाही. पंचा झटकला, त्यात डिस्क गुंडाळली आणि मांडीवर ठेवली.

"उसनी होती," मी म्हटलं. "परत केली."

"पोचली," तो म्हणाला.